चिठ्ठी नसलेला नारळ

अन्वय आणि तारा, गेल्या सोमवारी व्हिडिओवर तुम्ही दोघं खूप हसलात. सुधीरमामाने आपल्या मांडवाच्या धंद्यासाठी ‘कोच’ लावला हे ऐकून अन्वय म्हणाला, की आजी, कोच तर फुटबॉलला असतो, मांडवाला कशाला? मी तेव्हा काही बोलले नाही, कारण तुमच्याकडे सकाळ होती, शाळेची बस यायची होती आणि मला घाईत गोष्ट सांगता येत नाही. पण आमच्या मांडवाला कोच होता. तेव्हा त्याला हा शब्द नव्हता, एवढंच. ते खापरखेड्याहून एस.टी.ने यायचे, खिशात एक शिसपेन्सिल असायची आणि दक्षिणा म्हणून दोन कप चहा आणि आईच्या हातचं जे काही असेल ते घ्यायचे. त्यांच्याबद्दल आज लिहिते. क्रमाने लिहिते, म्हणजे तुमची आई तुम्हाला वाचून दाखवताना अडखळणार नाही.

आधी घर. गांधीबागेच्या कापडबाजारामागच्या एका गल्लीत आमचं बिछायत केंद्र होतं. नागपूरबाहेर हा शब्द सांगावा लागतो. लग्न, मुंज, तेरवी, सत्यनारायण, काहीही असो, त्याला लागणाऱ्या खांबांच्या लाकडी बल्ल्या, वरचं कापड, बाजूच्या कनाती, अंथरायच्या दऱ्या, गाद्या, खुर्च्या आणि स्वयंपाकाची भांडी भाड्याने देणारं दुकान म्हणजे बिछायत केंद्र. समोरच्या दोन खोल्या दुकानाच्या, मागच्या तीन आमच्या, पण ही वाटणी सामानाला कधी कळली नाही. मी जिच्यावर बसून अभ्यास केला ती दरी पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी वरातीखाली असायची. हातगाडीवरून बल्ल्या उतरवल्या की गल्लीभर खडखडाट व्हायचा. रविवारी सकाळी अंगणात दऱ्या झटकायचे, त्या धुळीचा, ओल्या तागाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा मिळून एक वास होता. आज कुणी डोळे बांधून मला त्या वासात उभं केलं, तर मी पाय न ठेचाळता स्वयंपाकघरापर्यंत जाईन. तिथे आई पाट्यावर मिरची वाटत असेल. रविवारी वडाभात किंवा गोळाभात, वरून हिंग-मोहरीचं गरम तेल. भांडी मात्र घरची कधीच पुरी नसत. वाढायला घेतलं की कळायचं, मोठा चमचा जरीपटका वस्तीत कुणाच्या साखरपुड्याला गेलाय.

दुकान बाबांचं आणि नामदेवकाकांचं. बाबा मोठे, बोलायला मऊ. त्यांचा एक शब्द साऱ्या गल्लीला ठाऊक होता. कुणी कितीही अडचणीची तारीख घेऊन आला, तरी बाबा म्हणायचे, “बिनघोर राहा गा, होऊन जाईन.” म्हणजे निश्चिंत राहा, होऊन जाईल. आणि व्हायचं. कसं व्हायचं ते आम्हालाच माहीत. पहिल्या गिऱ्हाइकाला दीडपट सामान जायचं, कारण ‘त्याच्या घरी पाहुणे जास्त निघाले तं?’ आणि शेवटच्याला उरलेलं. मग ऐन वेळी गाद्या इकडून तिकडे पळायच्या, काका ओरडायचे, आई देवाला हात जोडायची. पण तोवर एखाद्या दारी मांडव गेलाच नाही असं झालं नव्हतं. बाबांची सगळी इभ्रत त्या एका शब्दावर उभी होती.

आमच्याकडे तारीख पक्की करायची रीत नारळाची होती. गिऱ्हाईक नारळ आणायचं, बाबा किंवा काका तो दोन्ही हातांनी घ्यायचे, की तारीख दिली. तो नारळ स्वयंपाकघराच्या भिंतीवर एका लांब फळीवर जायचा. शेंडीला कापडाची चिंधी बांधून तिच्यावर नाव आणि तिथी लिहायची. लग्नाच्या आदल्या दिवशी तो नारळ बल्ल्यांबरोबर जायचा आणि पहिली बल्ली रोवताना तिच्या पायाशी फुटायचा. म्हणजे फळीवर जेवढे नारळ, तेवढी लग्नं. आपल्या भागात ओलं खोबरं रोजच्या जेवणात नसतं, आपलं सगळं सुक्या खोबऱ्यावर चालतं. त्यामुळे घरात वीस-वीस नारळ आणि आम्हा मुलांना ओल्या खोबऱ्याची वडी ठाऊक नाही, अशी गंमत होती. आई कधीकधी त्या फळीकडे बघायची, ते मला आठवतं.

त्याच फळीने मेश्राम साहेबांना आमच्या घरात आणलं. ते खापरखेड्याच्या वीजघरात स्टोअर सांभाळायचे. मुलीच्या लग्नाला मांडव ठरवायला आले तेव्हा त्यांनी नारळ आणला नाही. ते बौद्ध, त्यांच्याकडे ही रीत नव्हती. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलेला एक कागद आणला. तारीख, वेळ, जागा, किती माणसं, पाण्याचा नळ कुठे आहे. बाबांनी कागद आदराने घेतला आणि फळीसमोर गोंधळून उभे राहिले. कागद फळीवर बसेना. शेवटी आईने एक पितळी वाटी पालथी घातली, तिच्याखाली कागद ठेवला आणि म्हणाली, आता जागा धरली. लग्न नीट पार पडलं. पुढच्या रविवारी साहेब आभार मानायला आले, पाणी प्यायला आत वळले आणि फळीकडे बघून म्हणाले, “वहिनी, पोरगी सासरी गेली माझी. वाटी उतरवा आता.”

आईला इतकं हसू आलं की तिने पदर तोंडाला लावला. साहेब मात्र हसता हसता फळी वाचू लागले. मग पुढच्या रविवारी पुन्हा आले, आणि त्याच्या पुढच्याही. बाकावर बसायचे, चहा घ्यायचे, बघायचे. पहिले चार रविवार त्यांनी एकही सल्ला दिला नाही. काकांना ते आवडलं नाही. हा माणूस काहून येऊन राहिला म्हणून विचार, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. पाचव्या रविवारी साहेबांनीच विचारलं, “भाऊ, तुमच्याकडे तारीख देते कोण?”

“मी देतो,” बाबा म्हणाले.

“आणि तुम्ही पानठेल्यावर असले तं?”

“मंग नामदेव देते. ज्याले गिऱ्हाईक भेटलं तो देते.”

साहेबांनी मान डोलावली आणि पेन्सिल काढली नाही. सुधीरची ती नवी कोच पोरगी गेल्या महिन्यात लॅपटॉप घेऊन आली, तिने पहिल्या बैठकीत हाच प्रश्न विचारला. सुधीर मला फोनवर अगदी नवल करून सांगत होता. मी म्हटलं, पोरगी हुशार दिसते, तिचं ऐक.

साहेबांचा पहिला धडा अगदी साधा होता. त्यांच्या स्टोअरचा नियम होता, की ज्या वस्तूवर चिठ्ठी नाही ती वस्तू रॅकवर राहत नाही, ती भंगारात. त्यांनी तो आईला समजावून सांगितला, कारण फळीची खरी मालकीण तीच. फळीवर जुने, कोरडे, कुणाचे ठाऊक नाहीत असे दोन-तीन नारळ नेहमी असायचे. साहेब म्हणाले, आधी हे निघू द्या, मग खरं किती काम आहे ते डोळ्यांना दिसेल. आई नियम पाळणारी बाई. तिने दुसऱ्याच दिवशी स्टुलावर चढून फळी साफ केली. एक वाळका नारळ फेकला. एक मात्र चांगला जड निघाला, कानाशी हलवला तर आत पाणी वाजत होतं आणि शेंडीला चिंधी नव्हती. नियमाप्रमाणे तो आता कुणाचाच नव्हता. पुढच्या रविवारी आईने त्याच्या वड्या केल्या, साखरेचा पाक, वेलदोडा, वर चारोळी. आम्हाला एकेक मिळाली. साहेबांना बशी भरून. त्यांनी ती संपवली आणि म्हणाले की अशी वडी त्यांनी आजवर खाल्ली नव्हती. मीही नव्हती खाल्ली.

दोन रविवार गेले. वैशाखातला मोठा मुहूर्त सोमवारी होता, आणि आदल्या दिवशी सकाळी आमचं सगळं सामान गेलेलं होतं. दुकानाच्या दोन्ही खोल्या रिकाम्या, बोललं तर आवाज घुमायचा. साडेनऊच्या सुमारास शामराव आले आणि पायरीवर बसले. शामराव म्हणजे आमच्या कनाती शिवणारे शिंपी. आमच्या दुकानातलं एकही कापड असं नव्हतं, ज्याला त्यांची सुई लागली नाही. बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. बाबांनी चहा मागवला. शामरावांनी अर्धा कप पिऊन, अगदी सहज विचारलं, “बल्ल्या केव्हा येऊन राहिल्या गा?”

बाबा हसत म्हणाले, “कुठं?”

“माह्या घरी. उद्या पोरीचं लगन नाही का!”

बाबांचा चेहरा मी अजून विसरले नाही. ते उठून आत गेले, फळीसमोर उभे राहिले. फळीवर उद्याच्या तारखेचा नारळ नव्हता. होळी झाल्यावर शामराव नारळ घेऊन आले होते, बाबांनी तो स्वतःच्या हाताने फळीवर ठेवला होता आणि चिंधी बांधली नव्हती. जवळच्या माणसाला चिठ्ठी कशाला? बाकीच्यांना विसरू, पण शामरावाच्या पोरीचं लग्न कसं विसरू? आणि ते खरंही होतं, बाबांना लग्न आठवत होतं. त्यांनी आहेराचं लुगडंसुद्धा आणून ठेवलं होतं. फक्त मांडव आपण द्यायचा आहे, हे फळीवर दिसलं नाही म्हणून मनातूनही गेलं होतं.

आई दाराशी येऊन उभी राहिली. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, “तो नारळ मी फोडला. वड्या केल्या त्याच्या.”

नेमके तेव्हाच मेश्राम साहेब, रविवारचे, दारातून आत येत होते. चपला काढता काढता त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं. काकांनी त्यांच्याकडे बघून, हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “म्हंजे शामरावाच्या पोरीचं लगन साहेबांच्या पोटात आहे.”

साहेबांनी चपला बाजूला ठेवल्या. मग म्हणाले, “पाच वड्या खाल्ल्या मी. नियमही माझाच होता. चूक माझी आहे.”

“तुमची नाही,” बाबा म्हणाले. “शब्द देणारं तोंड माहं आहे.”

शामराव रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले की नसेल तर नसेल, दारापुढे दोन लुगडी बांधून घेतो, पोरगी काही उन्हात उभी राहणार नाही. त्या सभ्यपणाने बाबा पार खचले. ज्याने आमचा प्रत्येक मांडव शिवला, त्याच्या दारी लुगडी बांधायची. त्यांनी शामरावांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. “होऊन जाईन” म्हणायला तोंड उघडलं आणि तो शब्द पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून निघेना.

साहेबांनी पेन्सिल काढली. ती त्यांनी मला दिली. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. एका कॉन्व्हेंटच्या गॅदरिंगला मांडव बाबांचाच असायचा, त्या ओळखीतून मी तिथे इंग्रजी शाळेत शिकले होते, आणि वही नीट ठेवणं एवढी एक गोष्ट तिथल्या सिस्टरांनी माझ्या हाडात घातली होती. साहेब म्हणाले, “कुंदा, रेघा मार. कोणाकडे, काय मागितलं, काय गेलं.” मग त्यांनी काकांना आणि बल्ल्या पोचवून आलेल्या दोन गड्यांना एकेक घर विचारलं. आमच्या दुकानात हे कधी कुणी विचारलं नव्हतं. इतवारीतल्या धान्यवाल्यांनी सहा कनाती मागितल्या, गेल्या नऊ. महाल भागातल्या लग्नात खुर्च्या दीडपट. धरमपेठेत चार बल्ल्या नुसत्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. मी शेवटच्या रकान्यात फरक लिहीत गेले, आणि पान भरत आलं तसं मला दिसू लागलं की एक अख्खा मांडव चार घरांत विखरून पडला आहे. विकत घ्यायचं काही नव्हतं. फक्त परत मागायचं होतं.

आणि तेच बाबांना जमण्यासारखं नव्हतं. दिलेली वस्तू मागणारा माणूस ते नव्हतेच. पहिल्या घरी, धान्यवाल्यांच्या दारात, ते हातगाडीजवळ उभे राहून उन्हाबद्दल बोलत राहिले. शेवटी मीच धान्यवाल्यांपुढे कागद धरून म्हटलं, काका, तीन कनाती जास्त आल्यात, त्या हव्या आहेत. ते म्हणाले, घेऊन जा बाई, आमच्या पायात येऊन राहिल्या. दुसऱ्या घरी बाबांनी स्वतः मागितलं. खाली बघून मागितलं, पण मागितलं. चौथ्या घरी तर त्यांनी सांगितलं सुद्धा की कुणासाठी पाहिजे, आणि त्या बाईंनी वरून दोन गाद्या ठेवल्या.

ऊन उतरायच्या आत शामरावांच्या दारी सामान पोचलं. एक कनात लाल, एक निळी, दोन पिवळ्या, वरचं कापड फुलांचं. एका मांडवात असे रंग आम्ही कधी लावले नसते. शामराव प्रत्येक कापडाची कड बोटांनी चाचपत फिरले. “हे तं माह्या लग्नाच्या साली शिवलं होतं,” ते म्हणाले. “आणि हे, तुही कुंदा झाली तवा.” पहिली बल्ली खड्ड्यात उभी राहिली आणि सगळे थांबले, कारण फोडायला नारळ नव्हता. मेश्राम साहेब कोपऱ्यावरच्या दुकानातून नारळ घेऊन आले. ज्यांनी स्वतःच्या मुलीसाठी नारळ आणला नव्हता त्यांनी तो शामरावांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, “मी खाल्ला होता. भरून देतो.” शामरावांनी फोडला, आणि पहिला तुकडा साहेबांनाच दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मग खाल्ला.

पुढच्या रविवारी काका म्हणाले, आता नारळ बंद, रजिस्टर घालू. साहेबांनी नाही म्हटलं. नारळात काही वाईट नाही, ते म्हणाले, नारळ सगळ्यांना दिसतो, वही कपाटात जाते. त्यांनी खडूने फळीवर उभ्या रेघा मारल्या, एकेका मुहूर्ताला एकेक घर. प्रत्येक घरात तीनच नारळांची जागा, कारण ओढाताण न होता आमच्या सामानात मोठे मांडव तीनच निघत. चौथ्याला जागाच नाही. चिंधी सगळ्यांना, जवळच्याला आधी. आणि नारळ घेणारे हात एकाचेच. बाबांनी काकांकडे बघितलं, काकांनी बाबांकडे. साहेबांनी माझ्याकडे.

बाबांनी आठ दिवस जाऊ दिले. नवव्या दिवशी दुकानात शिरल्याबरोबरच्या कोपऱ्यात माझ्यासाठी एक टेबल आणून ठेवलं आणि स्वयंपाकघरातली फळी काढून त्याच्या वरच्या भिंतीवर ठोकली. त्यानंतरचे काही महिने त्यांना फार जड गेले, हे मी आज सांगते, तेव्हा मला ते कळलंही नाही. पानठेल्यावर कुणी विचारलं की ते “होऊन...” म्हणायचे, थांबायचे आणि म्हणायचे, “पोरीले विचारा.” लोक टोचायचे, काय गा, घरी पोट्टी मालकीण झाली काय? ते पान तोंडात ठेवून घरी यायचे आणि मुकाट्याने जेवायचे. पण त्या उन्हाळ्यात गाद्या इकडून तिकडे पळाल्या नाहीत. आईने पहिल्यांदा मुहूर्ताच्या दिवशी दुपारी झोप घेतली. ज्यांना मी नाही म्हटलं ते पुढच्या वेळी दोन महिने आधी येऊ लागले. आणि फळीवरची घरं सारखी भरलेली दिसू लागली, तेव्हा चौथ्या मांडवाचं सामान घ्यायचं का, हे कुणाला विचारावं लागलं नाही. शामरावांनी ते शिवलं, सगळं एका रंगाचं. मी खडूने चौथी जागा आखली.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं, तुमच्या आजोबांशी. गुरुजींनी दोन मुहूर्त काढून दिले. एक वैशाखातला, सगळ्यांना सोयीचा. दुसरा ज्येष्ठात, ऐन नवतपात, जेव्हा नागपुरात माणूस दुपारी दाराबाहेर पाय टाकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी होते. बाबा आले. ते गादीवर गेले नाहीत, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. माझ्यासमोर कुणी बाई होती, तिचं होईपर्यंत थांबले. मग उठून त्यांनी दोन्ही हातांनी नारळ पुढे केला आणि वैशाखातली तिथी सांगितली.

मी फळीकडे बघितलं. बघायची गरज नव्हती, मला ती पाठ होती. त्या घरात चार नारळ बसले होते, चौघांच्या शेंडीला चिंध्या.

“नाही बाबा,” मी म्हटलं. “त्या दिवशी मांडव नाही.”

“एक बी नाही?”

“एक बी नाही.”

मागे काका खुर्च्या मोजत होते, ते थांबले. मला वाटलं आता बाबा म्हणतील, होऊन जाईन. त्यांचे ओठ हललेही. मग ते माझ्याकडे बघून हसले, असे की मी तोपर्यंत त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

“मंग ज्येष्ठातली सांग वं.”

ज्येष्ठातलं घर रिकामं होतं. मी नारळ घेतला आणि फळीकडे वळले. बाबा जागचे हलले नाहीत.

“चिंधी बांध,” ते म्हणाले. “घरचं लगन आहे. इसरून जाशील.”

मी चिंधी फाडली, तिच्यावर माझं नाव लिहिलं आणि शेंडीला बांधली. गाठ पक्की बसेपर्यंत बाबा तिथेच उभे होते.